हे बाई कोन होय?

—नाही, उठू नका, बसा. राग आलेला नाही मला. माझा चेहराच असा आहे. बत्तीस वर्षं अकरावी-बारावीच्या पोरांना मराठी शिकवलं की कोणाचाही असाच होईल. तर काय म्हणालात? पुन्हा एकदा सांगा, नीट कानात जाऊ द्या. माझी कादंबरी तुम्ही सोडली. 'सोडली' — हाच शब्द ना? वा! आडपडदा नाही. एम.ए.चा प्रबंध, विषय मंजूर झालेला, 'देवीदास काठोळे यांची कादंबरी : एक अभ्यास', मागच्या महिन्यात याच खुर्चीवर बसून तुम्ही माझी मुलाखत घेतली, पोहे खाल्ले, आणि आज येऊन सांगता, सर, मी विषय बदलला. बरं, बदलला तो कशासाठी? तर 'वऱ्हाडातील ख्रिस्ती कथा'! आणि शेखरनं होकार दिला? दिलाच असणार. तुमचे शेखर सर आज विद्यापीठात मोठे मार्गदर्शक असतील, पण माझ्या वर्गात ते शेवटच्या बाकावर बसायचे, ऱ्हस्व-दीर्घ मी शिकवलं त्यांना. स्वतः फोन करायची हिंमत झाली नाही, पोरीला पाठवलं. राहू द्या, त्यांची बाजू घेऊ नका.

कितव्या पानावर सोडली? सांगा ना, लाजता काय — साठ-पासष्ट? बरं. 'अनाहत मृत्तिका', चारशे चाळीस पानं, अकरा वर्षं — अकरा वर्षं, आकांक्षाबाई! — रोज पहाटे उठून, कॉलेजला जायच्या आधी, आंघोळीचं पाणी तापेस्तोवर लिहिलेली. पुण्याच्या प्रकाशकाचं पत्र तुम्हाला दाखवलं होतं मी, ते काय, फ्रेम केलेलं — 'वाचताना लेखक वऱ्हाडचा आहे हे कुठेही जाणवत नाही.' केवढी दाद आहे ही! साऱ्या स्टाफरूमला वाचून दाखवलं होतं मी ते. आणि तुम्ही साठाव्या पानावर कंटाळलात. कंटाळा नाही? मग काय? — हं. — हं. म्हणजे माझी नायिका सौदामिनी बोलते तसं आमच्याकडं कोणीच बोलत नाही, असं तुमचं म्हणणं. वांग्या-टमाट्याचा मळा करणाऱ्याची बायको, आणि ती म्हणते, 'माझ्या अंतःकरणात काहूर माजले आहे' — तर तुम्हाला हसू आलं. हसू आलं? — कोणी शिकवलं तुले हे बोलायला? शेखरनं? — तूच? स्वतःच? मले खरं सांग — मला. मला खरं सांगा.

पाह्यलं? सुटला तोंडातून. सुटतोच तो, राग आला की. आमच्या घरात सारे 'मले-तुले'च बोलायचे — बाप भाजी पिकवायचा, माय इथंच अकोल्यात, जुन्या शहराच्या बाजारात टोपलं घेऊन बसायची — आणि मी बी.ए.ला अमरावतीला गेलो, पहिल्याच दिवशी उभा राहून म्हणालो, 'सर, मले समजलं नाही.' पुण्याकडून आलेले प्राध्यापक होते, ते हसले. ते हसले म्हणून वर्ग हसला, आणि वर्गातले अर्धे तर माझ्यासारखेच 'मले'वाले! त्या दिवशी ठरवलं, हा 'ले' जिभेवरून खरवडून काढायचा. काढला. पोरांच्या वह्यांतून काढला, बायकोच्या तोंडून काढायचा प्रयत्न केला — तिच्या नाही निघाला. तू कुठली गं? रिद्धपूरची ना? तुमच्या रिद्धपुरात तर महानुभावांनी सातशे वर्षांमागं माणसं बोलतात तसंच लिहून ठेवलं. मीच शिकवायचो ते वर्गात, छाती फुगवून. आणि घरी येऊन सौदामिनीच्या तोंडी 'अंतःकरण' घालायचो. हस, आता हस, माझी परवानगी आहे.

ती ख्रिस्ती गोष्टींची पुस्तकं? आहेत. माझ्याकडेच आहेत, कौशल्या सिस्टरनं बरोबर सांगितलं तुला. अजून आहे का ती ड्यूटीवर, मिशनच्या दवाखान्यात? रिटायर झाली — बरं. तिनं सांगितलं म्हणजे आणखी काय काय सांगितलं? — काही नाही? नक्की? — ते खोकं ओढ इकडे, दिवाणाखालचं. सावकाश, धूळ आहे. मोजून घे, सतरा आहेत. पाहा काय थाट आहे — हलका कागद, मधोमध दोन पिना, मुखपृष्ठावर कंदील नाहीतर मेंढरू, आणि लेखिकेचं नाव? नावच नाही. 'एक बहीण, परतवाडा.' बस. कुण्या पाळकाची बायको असेल. नाताळच्या सभेत वाटत असतील. ह्याला तू कथा म्हणतेस आणि माझी चारशे चाळीस पानं — जाऊ दे. हो, त्या लाल खुणा माझ्याच. पहिल्या तीन पुस्तकांत आहेत. 'मले'चं 'मला' केलं, 'काहून'चं 'का' केलं, 'जाऊन राहिली'चं 'जात आहे' केलं. मेलेल्या — म्हणजे, कुठून तरी घरी आलेली पुस्तकं, आणि मी लाल पेन घेऊन बसलो, सवय! चौथ्या पुस्तकात पेन थांबलं. का थांबलं ते विचारू नको.

आमची सुभद्रा वाचायची ही. वाचायची म्हणजे आयकायची. माझी बायको — भिंतीवर फोटो आहे तो. तीन वर्षं झाली. आतड्याचा कॅन्सर, अकोल्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, मग अमरावतीला मिशनच्या दवाखान्यात नेली, लोक चांगले होते तिथले, खोटं कशाला बोलू. आणि नेमकी त्याच महिन्यात कादंबरी छापून आली. मला काय वाटलं सांगू? वाटलं, देवानंच वेळ साधली. सातवी शिकलेली बाई, आता पडल्या पडल्या निदान नवऱ्याची कादंबरी तरी पूर्ण आयकेल. रोज दुपारी पंधरा-वीस पानं वाचायचो, मोठ्यानं, आवाज काढून — आजूबाजूच्या खाटांवरचे पेशंटही कान द्यायचे — आणि ती डोळे मिटून पडलेली. 'झोपली का?' म्हटलं की म्हणायची, 'नाई, आयकून राहिली.' एवढंच. चांगली हाय का वाईट हाय, चकार शब्द नाही. मी म्हणायचो, थकली असेल.

तू साठावर थांबली, ती एकशे बाराव्या पानावर थांबली. — काय आहे त्या पानावर? काही नाही, सौदामिनीचं पहिलं मूल मेलेलं जन्मतं. कादंबरीत असतंच असं एखादं प्रकरण. कल्पना ती, लेखकाला — हो, मुलाखतीतही मी तसंच सांगितलं तुला. 'सर्व कल्पित.' — अशी काय पाहतेस? — कल्पना नाही. घे, लिहून घे, आता तर विषयच बदललास तू, काय कामाचं ते तुले. आमची पोरगी होती. पहिली. सातवा महिना सरला होता. मेलेलीच आली. पस्तीस वर्षं झाली. सुभद्रा खाटेवरून हात लांब करून म्हणत होती, 'मले पाहू तं द्या तिले. एकडाव पाहू द्या.' आणि मी दाराशी उभ्या नर्सला सांगितलं, दाखवू नका, येडी होईल ती. कोणी विचारलंही नव्हतं मले. मीच सांगितलं. मंग बाप अन् मी, दुपट्यात गुंडाळून, मोर्णा नदीच्या काठाले — कुठं, ते तिनं वर्षभर विचारलं. नाही सांगितलं. भल्यासाठीच बाप्पा, तिच्याच भल्यासाठी, असंच समजत होतो मी. मंग तिनं विचारणं बंद केलं. दुसरं लेकरू झालंच नाही.

आता कादंबरीत काय हाय? कादंबरीत तो नवरा — मी नाही, तो नायक — दोन्ही हातांवर लेकरू घेऊन येतो, सौदामिनी लेकराच्या कपाळाचा मुका घेते आणि म्हणते, 'मला माझ्या बाळाचे दर्शन घडले, मी कृतार्थ झाले.' आणि नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवते. काय सुंदर उतरलं होतं ते पान! लिहिताना मी रडलो होतो, खरंच रडलो होतो. आणि तेच मी तिले वाचून दाखवून राहिलो, तिच्याच खाटेवर बसून, आवाज कापरा करून. पाह्य काय अक्कल! मले वाटलं तिच्याही डोळ्यात पानी येईन, माह्या हातावर हात ठेवीन. तिनं डोळे उघडले अन् म्हणाली, 'हे बाई कोन होय?' मी म्हटलं, सौदामिनी. 'ते नाई विचारत. हे मी होय का?' मी म्हटलं, हो, म्हणजे, काही अंशी. काही अंशी! 'मी अशी बोलली होती का?' 'अन् ह्या मानसानं तिले लेकरू दाखवलं?' मी पान उलटाले गेलो. 'बंद करा ते,' म्हणाली, 'माहं एक बोलणं होतं, तेबी ठेवलं नाई तुमी.'

अन् मी काय म्हटलं आयक. तू तं मले सर म्हणते, आयक मंग सर काय म्हणाले. 'तुला साहित्यातलं काय कळतं?' असं म्हटलं मी. 'तुला' म्हटलं, 'तुले' नाही, तेवढ्या रागातबी शुद्ध बोललो. पुस्तक पिशवीत टाकलं, बाजूच्या खाटेवरची म्हातारी पाहून राहिली होती, तिच्याकडे नजर न देता उठलो, आणि अकोल्याची बस धरली. सत्कार होता माहा, त्याच कादंबरीसाठी, शाल-श्रीफळ, दोन भाषणं. एक दिवसाचं काम होतं. मी चार दिवस राह्यलो. काहून? फुगून बसलो होतो. खाटेवर मरून राहिलेल्या बाईवर रुसून बसलो होतो मी, साठ वर्षांचा घोडा.

त्या चार दिवसांत कौशल्या सिस्टर तिले ही पुस्तकं वाचून दाखवत होती. ड्यूटी झाली की अर्धा तास. आता तू म्हणशील, धर्माचा प्रचार वगैरे — शेखर म्हणेल — काही नाही तसं, सुभद्राच म्हणाली होती तिले, 'सिस्टर, एखांदी साधी गोष्ट हाय का तुमच्याजवळ, ज्याच्यात माणसं माणसासारखी बोलतात?' रोज एक-दोन पुस्तकं. वरचं ते काढ, कोपरा दुमडलेलं — 'पार्बताबाईची टोपली.' ते ती शेवटी आयकत होती. गोष्ट काय, काहीच नाही. पार्बताबाई भाजी विकते. सुनेची माय तिकडे धारणीच्या बाजूले मरायले टेकली, निरोप आला, अन् पार्बताबाईनं सुनेले सांगितलाच नाही. वांगे तोडाचे होते, बाजार होता दुसऱ्या दिवशी. सून गेलीच नाही, माय मेली. नऊ वर्षं दोघी एका चुलीवर स्वयंपाक करतात. मंग एक दिवस पार्बताबाई उपासनेतून घरी येते, टोपलं खाली ठेवते, अन् सुनेपुढं उभी राहून म्हणते, 'माय, मले माफ कर. मी तुले तुह्या मायचं तोंड पाहू नाई देल्लं.' झालं. ना अलंकार, ना निसर्गवर्णन. व्याकरणाच्या चुका, छपाईच्या चुका. एवढं वाक्य मले अकरा वर्षांत सुचलं नाही.

परत गेलो तं अकरा दिवस होते अजून. हिशोबच करत राहतो मी त्या अकरा दिवसांचा. रोज गेलो. संत्री सोलून दिली, एकेक फोड, बिया काढून. गोळ्या विचारल्या. 'सलाईन संपत आली का पाहतो.' 'पंखा बंद करू का.' 'आज डॉक्टर आले होते का.' एवढंच बोलत राहिलो. ती पाहून राहाची माह्याकडे. मंधातच सोलता सोलता वर पाह्यलं की ती पाहूनच राहिली असाची. मले वाटे, दुखत असंन. मी म्हणाचो, 'काय पाहिजे?' ती म्हणाची, 'काई नाई, तुमी बोला.' अन् मी पुन्हा संत्री. कादंबरीचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही काढला. मले वाटलं, विसरली. बायका विसरतात असं वाटलं मले, घे, हेबी लिहून घे. बाराव्या दिवशी सकाळी गेली. मी खाली चहा घेत होतो.

सामान आणाले गेलो तं कौशल्या सिस्टरनं हे खोकं हातात देल्लं. म्हणाली, सर, काकूंची आठवण म्हणून ठेवा. मी म्हटलं, आम्हाला काय करायचंय हे. ती म्हणाली, ठेवा, अन् वरच्या पुस्तकाचा कोपरा उलगडू नका, तो काकूंनी सांगितला म्हणून दुमडला. मंग तिनं सांगितलं. सांगू तुले? इतका वेळ तं सारंच सांगून राहिलो. म्हणे, 'मले माफ कर'पर्यंत वाचलं अन् काकूंनी हात वर केला — बस, इथंच थांबा. सिस्टर म्हणाली, एकच पान राहिलं हो काकू, वाचून टाकू. तर सुभद्रा म्हणाली, 'नका वाचू. पुढं काय होते ते मले ठाव हाय, तुमच्या पुस्तकात ते सून माफ करते. ते करन. माहं अजून ठरलं नाई.'

माहं अजून ठरलं नाई! समजलं का तुले, आकांक्षा? 'नाही करत' असं नाही म्हणाली ती. 'करते' असंही नाही म्हणाली. ठरलं नाही म्हणाली. म्हणजे वाट पाहून राहिली होती ती. त्याच्यानंतर अकरा दिवस! रोज मी समोर, हातात संत्री, अन् ती पाहून राहिली की हा माणूस टोपलं खाली ठेवते का नाही. तीन शब्द होते. मले माफ कर. शिकवत होतो ना मी, बत्तीस वर्षं, कर्ता-कर्म-क्रियापद? तोंड उघडलं असतं तं कदाचित ठरलं असतं तिचं. कदाचित नसतंही ठरलं, नसतं केलं माफ, तेही चाललं असतं मले, पण मी विचारलंच नाही. अन् सिस्टरनंही तेव्हा नाही सांगितलं, मेल्यावर सांगितलं. तिच्यावर भडकलो मी त्या दिवशी. म्हटलं, आधी काहून नाही सांगितलं? तर ती म्हणाली, सर, मले वाटलं तुमाले माहीत असंन, तुमी तं लेखक हा.

बाकीची सोळा वाचली मी. एकेक करून. कोणी कोंबडी चोरलेली, कोणी दारू पिऊन बायकोले मारलेलं, कोणी भावाचं शेत बळकावलेलं — शेवटी सारे उभे राहतात, म्हणतात, माफ कर, अन् समोरचा करते. सोळाच्या सोळा. रागच येते मले. इतकं सोपं असते का? पण वाचतो. दोन-दोनदा वाचतो, अन् आता 'मले'वर पेन नाही चालत, कारण ते वाचलं की तिचा आवाज येते, माह्या चारशे चाळीस पानांत कुठंच येत नाही तो. तुह्या प्रबंधात टाक हवं तं. नाव टाक माहं. काठोळे यांची कादंबरी खोटी, परतवाड्याच्या बहिणीची गोष्ट खरी, असं लेखकानं स्वतः कबूल केलं म्हणून टाक. शेखर खूश होईन.

सोळा ने. पिशवी आणली का? ही घे माही. परत नाही आणली तरी — नाही, ते नाही. सतरावं नाही मिळणार. ते खाली ठेव. तुह्या प्रबंधाले सोळा बस झाले. — काय करतेस? आकांक्षा, ते शेवटचं पान उघडू नको. कोपरा — अगं, कोपरा! — तू वाचलं? वाचलं तू? तुह्या तोंडावर दिसून राहिलं. नको सांगू. काय, पार्बताबाईची सून — नाही, बोलू नको म्हटलं ना! तिनं नाही आयकलं, मी नाही आयकणार. दे इकडे. दे. — नाही, रडत नाही मी. जा तू आता. पिशवी घे अन् जा. दार लोटून घे.